रननंतरच्या एक्सपीएसमध्ये दिसणारा कॉपर ऑक्साइड: टिकलेला की नव्याने धरलेला?

विजेने कार्बन डायऑक्साइडचं इथिलीनसारख्या उत्पादनांत रूपांतर करणाऱ्या तांब्याच्या इलेक्ट्रोडांबद्दलची तक्रार साधारण अशी असते. तांब्याची फॉइल भट्टीत तापवून तिच्यावर ऑक्साइडचा थर चढवला. ०.१ मोलर पोटॅशियम बायकार्बोनेटमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडत, आरएचईच्या (रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोड, पोटेन्शियल मोजायचा संदर्भ) तुलनेत उणे ०.९ व्होल्टला तासभर रन घेतला. इथिलीन छान आलं. सॅम्पल काढून एक्सपीएसला (एक्स-रे टाकून पृष्ठभागावरच्या अणूंची रासायनिक स्थिती ओळखायचं तंत्र) दिलं तर त्यात क्युप्रस ऑक्साइड (Cu₂O, तांबं +१) ठणठणीत. गाइड खूश. पुढच्या खेपेला तीच रेसिपी, तोच सेल, आणि एक्सपीएसमध्ये निम्मं धातुरूप तांबं. त्याच्या पुढच्या खेपेला वर थोडा क्युप्रिकही (CuO, तांबं +२). मग "थर स्थिर नाही" असं ठरतं आणि भट्टीचं तापमान, तापवण्याचा वेळ, हवेचा झोत यांच्याशी खेळ सुरू होतो. सहा महिने त्यात जातात.

भट्टीला इतक्यात हात लावू नका. एका खेपेला एक आणि दुसऱ्या खेपेला दुसरं दिसण्याचं कारण बहुतेक वेळा रन बंद केल्यापासून सॅम्पल एक्सपीएसच्या चेंबरमध्ये जाईपर्यंतच्या वाटेत असतं. भट्टीत चढवलेला थर रनच्या सुरुवातीलाच संपलेला असतो. नंतर मोजला जातो तो वाटेत धरलेला, आणि वाट प्रत्येक वेळी वेगळी असल्यामुळे आकडाही वेगळा.

हे पटत नसेल तर आधी पोटेन्शियल बघा. क्युप्रस ऑक्साइड आणि धातू यांचा समतोल आरएचईच्या तुलनेत अधिक ०.४७ व्होल्टच्या आसपास असतो. क्युप्रिकचं क्युप्रस होण्याचं पोटेन्शियल त्याच्याही वर, अधिक ०.६७ च्या जवळ. आपण बसतो उणे ०.९ वर, म्हणजे समतोलापेक्षा जवळजवळ १.४ व्होल्ट खाली. यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "पृष्ठभागापाशी पीएच चढतो, म्हणून ऑक्साइड वाचतो". पीएच चढतो हे खरंच. पण तो तीन युनिटनी चढला तरी हिशेबात फरक पडतो ०.१८ व्होल्टचा. १.४ मधून तेवढे वजा करून काय उरतं ते बघा. राहिला प्रश्न वेगाचा. क्युप्रस ऑक्साइड पी-टाइप सेमीकंडक्टर आहे, जाड थर एका क्षणात रिड्यूस होत नाही, आणि फॉइलपासून सुटलेला, विजेचा संपर्क तुटलेला एखादा तुकडा रनभर तसाच राहू शकतो. पण तुटलेला तुकडा इथिलीन बनवत नसतो.

चार्ज मोजा

या सगळ्या वादात सर्वांत स्वस्त पुरावा पोटेन्शिओस्टॅटच्या (पोटेन्शियल लावून करंट नोंदवणाऱ्या यंत्राच्या) फाइलमध्येच पडून असतो, आणि तोच कोणी उघडत नाही.

क्युप्रस ऑक्साइडची घनता सुमारे ६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, मोलर वस्तुमान १४३, आणि एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन. म्हणजे १ नॅनोमीटर जाडीचा सपाट थर घालवायला प्रति चौरस सेंटिमीटर ०.८ मिलिकूलंब लागतात, १ मायक्रॉनला ०.८ कूलंब. हा आकडा लॅबच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. इलेक्ट्रोपॉलिश करून हवेत ठेवलेल्या फॉइलवर आपोआप बसणारा दोन-तीन नॅनोमीटरचा थर घ्या. त्याला लागतात दोनेक मिलिकूलंब. प्रति चौरस सेंटिमीटर ५ मिलिअँपिअर करंट असेल आणि तो सगळा ऑक्साइडवरच खर्च झाला, तर अर्ध्या सेकंदाच्या आत विषय संपला. स्टॅनफर्डच्या मॅथ्यू कानन आणि क्रिस्टिना ली यांनी २०१२ मध्ये ज्या इलेक्ट्रोडांनी हे सगळं क्षेत्र हलवून सोडलं, त्यांचे थर बरेच जाड होते: ५०० अंश सेल्सियसला हवेत तापवलेले, ३ मायक्रॉन किंवा त्याहून जास्त. तेवढ्याला २.४ कूलंब प्रति चौरस सेंटिमीटर. त्याच करंटला आठ मिनिटं. प्रत्यक्षात थोडा करंट हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडकडे जातो म्हणून वेळ लांबतो, पण तासभराच्या रनमध्ये तो सुरुवातीचाच भाग.

आता तुमच्या रनचा करंट-वेळ आलेख उघडा. सुरुवातीला करंट जास्त आणि मग खांद्यासारखा उतार घेऊन स्थिर, असा आकार दिसेल. स्थिर रेषेच्या वरचं क्षेत्रफळ काढा. ते थराच्या जाडीवरून येणाऱ्या चार्जच्या जवळपास असेल, तर थर गेला. नेमकी जाडी माहीत नाही? मग वजन करा. भट्टीत जाण्याआधी आणि आल्यावर फॉइल पाच दशांश स्थळांच्या तराजूवर ठेवली की मधला फरक म्हणजे धरलेला ऑक्सिजन. इथे एक सोय आहे: क्युप्रस असो वा क्युप्रिक, प्रत्येक ऑक्सिजन अणूमागे इलेक्ट्रॉन दोनच. त्यामुळे कोणती फेज किती हे ठाऊक नसलं तरी हिशेब चुकत नाही. १ मिलिग्रॅम ऑक्सिजन म्हणजे १२ कूलंब. फक्त फॉइल दोन्ही बाजूंनी ऑक्सिडाइझ होते हे ध्यानात ठेवा. मागची बाजू टेपने झाकून रन घेतला असेल तर वजनातला निम्मा वाटा सेलमध्ये उतरलेलाच नाही. कॉन्टॅक्टसाठी घासलेली वरची पट्टीही वजा करा.

याच हिशेबातून आणखी एक जुनी कुरकुर सुटते. पाचव्या मिनिटाला जीसीला (वायू मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफला) दिलेल्या पहिल्या नमुन्यात सगळ्या उत्पादनांची फॅरॅडिक एफिशियन्सी (करंटचा किती टक्के वाटा त्या उत्पादनात गेला ती) मिळून शंभराच्या बरीच खाली का राहते? गळती शोधण्यात लोक दिवस घालवतात. राहिलेला करंट थर खाण्यात गेलेला असतो. ऑक्साइडपासून बनवलेल्या तांब्याचा पहिला नमुना सरासरीत धरूच नये, असं माझं मत आहे. धरायचाच असेल तर चार्जचा हा वाटा वेगळा दाखवावा.

जाडी आणि फेज दोन्ही स्वतंत्रपणे हवी असतील तर रनच्या भानगडीत न पडता वेगळ्या सॅम्पलवर कूलोमेट्रिक रिडक्शन करा: आर्गॉनने हवा काढलेल्या द्रावणात लहानसा स्थिर करंट, आणि पोटेन्शियलचे पठार मोजायचे. एएसटीएम या मानक संस्थेचं बी८२५ हे मानक याच पद्धतीचं. साध्या पोटॅशियम क्लोराइडमध्ये क्युप्रस आणि क्युप्रिकचे पठार एकमेकांत मिसळतात. ६ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये १ मोलर लिथियम हायड्रॉक्साइड घातलं की ते वेगळे होतात, हे जपानी संशोधकांनी दाखवलेलं आहे. डोळे आणि हात सांभाळा, एवढा तीव्र अल्कली म्हणजे चेष्टा नाही.

मग एक्सपीएसमधला ऑक्साइड आला कुठून

रन थांबवायचं बटण दाबलं त्या क्षणी इलेक्ट्रोडवरचा लगाम सुटतो. पोटेन्शियल ओपन सर्किटकडे, म्हणजे वर सरकायला लागतं. सेलमध्ये थोडा ऑक्सिजन असतोच. अॅनोडवर तो तयार होतच होता आणि मेम्ब्रेन काही शंभर टक्के अडवत नाही. त्यात संदर्भ इलेक्ट्रोड सिल्व्हर क्लोराइडचा असेल तर त्यातून झिरपलेलं क्लोराइड तांब्याला विरघळायला आणखी मदत करतं. तुम्ही ट्यूब सोडवत, क्लॅम्प ढिले करत, जीसीची फाइल सेव्ह करत असता तेवढ्यात बाहेरचे काही नॅनोमीटर बदललेले असतात.

मग इलेक्ट्रोड वर येतो, त्याला एक थेंब लटकलेला. या थेंबाचा हिशेब करून बघा. २५ अंशाला हवेने संपृक्त पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. ०.०५ मिलीचा एक थेंब १ चौरस सेंटिमीटरवर पसरला, तर त्यात विरघळलेला ऑक्सिजन ६ नॅनोमीटर क्युप्रस ऑक्साइडला पुरतो. आणि थेंब हवेत उघडा असल्यामुळे संपेल तसा ऑक्सिजन आत येतच राहतो. त्यावर आपण स्वच्छतेच्या नावाखाली वॉश बॉटलमधून डीआय (आयन काढलेल्या) पाण्याची धार सोडतो, तीही हवेने भरलेली. दहा मिली पाण्यात मायक्रॉनभर थराची सामग्री असते. सगळी वापरली जात नाही, पण एक्सपीएसला मायक्रॉन लागतोय कुठे? ते बघतं वरचे पाच-दहा नॅनोमीटर. दोन-तीन नॅनोमीटरचा ताजा थरही ऑजे सिग्नलचा (एक्सपीएसमध्येच मिळणारा, धातू आणि क्युप्रस वेगळे दाखवणारा) मोठा वाटा खाऊन टाकतो.

पितांबरीने लख्ख घासलेला तांब्या चार दिवसांत पुन्हा तांबूस-तपकिरी दिसायला लागतो, ते याच क्युप्रस थरामुळे. तुमचा इलेक्ट्रोड त्या तांब्यापेक्षा कितीतरी भुकेला असतो. नुकताच रिड्यूस झालेला, भोकाभोकांचा, नॅनो आकाराच्या दाण्यांचा, प्रत्यक्ष क्षेत्रफळ भौमितिक क्षेत्रफळाच्या अनेक पट. त्याला चार दिवस लागत नाहीत. एक्सपीएसचा नंबर लागेपर्यंत सॅम्पल साध्या डबीत टेबलावर पडून असेल, आणि तेही पावसाळ्यात मुंबईच्या हवेत, तर क्युप्रिक आणि हायड्रॉक्साइडही दिसणारच. त्याला "रनमधली फेज" म्हणणं म्हणजे हवामानाचा अहवाल छापणं झालं.

हे अंदाजावर सोडलेलं नाही. २०१८ मध्ये बर्कलीच्या यानवेई लुम आणि जोएल एजर यांनी ऑक्सिजन-१८ ने खूण केलेला ऑक्साइड चढवून रन घेतले आणि नंतर तो किती उरला हे मोजलं. मूळच्या एक टक्क्याहूनही कमी. आणि रिड्यूस झालेलं हे तांबं किती झपाट्याने पुन्हा ऑक्सिडाइझ होतं हेही त्यांनी त्याच कामात दाखवलं. बर्कलीतूनच २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात ७ नॅनोमीटरचे तांब्याचे कण रन चालू असताना धातूच्या नॅनोदाण्यांत बदलताना दिसले, आणि हवा लागल्यावर क्युप्रस ऑक्साइडमध्ये. याच्या उलट बाजूचं कामही आहे. २०१६ मध्ये बेआट्रिझ रोल्डान कुएन्या यांच्या गटाने प्लाझ्माने ऑक्सिडाइझ केलेल्या तांब्यावर इथिलीनची ६० टक्के एफिशियन्सी दाखवली आणि तांब्याचा +१ अंश रनमध्ये टिकतो असं मांडलं. पृष्ठभागाखाली अडकलेल्या ऑक्सिजनचा वादही अजून मिटलेला नाही. पण हा वाद पृष्ठभागाखालच्या किंचित ऑक्सिजनबद्दल आणि काही खास पृष्ठभागांबद्दल आहे. भट्टीतला थर जसाच्या तसा टिकतो असा दावा त्यातून निघत नाही. तुमच्या एक्सपीएसमध्ये ठसठशीत थर दिसतोय म्हणून त्या वादात तुमचं मत टाकायला जाऊ नका.

वाट तपासायची कशी

ऑक्सिजन-१८ आणि सिम्स (पृष्ठभागावरून उडवलेले आयन मोजणारं तंत्र) प्रत्येकाच्या खिशाला परवडत नाही. पण साधी चाचणी कोणालाही जमते. ज्यावर कधी ऑक्साइड चढवलाच नाही अशी इलेक्ट्रोपॉलिश केलेली फॉइल घ्या. ८५ टक्के फॉस्फोरिक अॅसिड चालतं. ती त्याच सेलमध्ये, त्याच पोटेन्शियलला थोडा वेळ ठेवा आणि तुमच्या नेहमीच्या पद्धतीने, अगदी त्याच सवयींनी बाहेर काढा, धुवा, वाळवा, तितकाच वेळ डबीत ठेवा, आणि एक्सपीएसला द्या. तिच्यावर जो ऑक्साइड दिसेल तो शंभर टक्के वाटेतला. तुमच्या खऱ्या सॅम्पलवरचा त्याच्या आसपास असेल तर गोष्ट तिथेच संपली. खऱ्या सॅम्पलवर थोडा जास्त दिसला तरी लगेच उडी मारू नका, कारण खडबडीत पृष्ठभाग सपाटपेक्षा जास्तच धरतो.

दुसरी चाचणी वेळेची. एकाच फॉइलमधून कापलेले तुकडे, एकसारखा रन, पण हवेत ठेवायचा वेळ मुद्दाम वेगवेगळा. ऑक्साइडचा वाटा वेळेबरोबर वाढत असेल आणि मागे शून्य वेळेकडे रेषा ओढल्यावर जवळजवळ काहीच उरत नसेल, तर तो नवा. वेळेचा काही परिणामच दिसत नसेल तर मात्र सुटलेल्या तुकड्यांकडे बघा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ते सापडतात.

वाट सुधारायचा क्रम असा ठेवा. रन संपला तरी पोटेन्शियल बंद करू नका. करंट चालू असतानाच इलेक्ट्रोड द्रावणातून बाहेर ओढा, म्हणजे ओपन सर्किटवर तो एक क्षणही द्रावणात राहत नाही. सेल ग्लोव्ह बॅगमध्ये किंवा निदान आर्गॉनच्या जोरदार झोताखाली हवा. धुण्याचं पाणी आधी अर्धा तास आर्गॉनने बुडबुडवलेलं असावं, आणि तेही मोजकंच. पुसू नका, आर्गॉनच्या झोताने थेंब उडवा. तिथून ग्लोव्ह बॉक्स, आणि तिथून हवाबंद ट्रान्सफर पात्रातून चेंबरमध्ये. ट्रान्सफर पात्र नसेल तर ग्लोव्ह बॉक्समध्येच दुहेरी पिशवीत सील करा. हे पात्राइतकं चांगलं नाही, पण डबीपेक्षा लाखपटीने बरं. आणि प्रत्येक सॅम्पलपुढे "हवेत किती वेळ" हा रकाना वहीत असलाच पाहिजे. तो रकाना नसलेली एक्सपीएसची तुलना मी तरी वाचत नाही.

बाहेर काढायचाच नसेल तर इन सिटू रामन, म्हणजे सेलमध्येच लेझर टाकून घेतलेला स्पेक्ट्रम. क्युप्रसचे २१८ आणि ६२० सेंमी⁻¹ च्या आसपासचे बँड, क्युप्रिकचा २९८ चा, हे पोटेन्शियल खाली नेताना डोळ्यांसमोर मावळतात. ६३३ नॅनोमीटरचा लेझर तांब्यासाठी सोयीचा. पण पॉवर कमी ठेवा. जोरात मारला तर लेझरच त्या जागी फेज बदलतो आणि मग तुम्ही लेझरचा अभ्यास करत बसता. ५२५ च्या आसपासचा बँड दिसला की ऑक्साइड म्हणून नाचू नका, तिथे पृष्ठभागावर चिकटलेल्या हायड्रॉक्सिलचाही बँड येतो.

एक्सपीएस वाचताना होणारा गोंधळ

वाट कितीही सुधारली तरी स्पेक्ट्रम चुकीचा वाचला तर सगळं पाण्यात. तांब्याच्या टू-पी पीकवरून धातू आणि क्युप्रस वेगळे करता येत नाहीत. धातू ९३२.६ इलेक्ट्रॉनव्होल्टला, क्युप्रस ९३२.४ ला. हा फरक कॅलिब्रेशनच्या चुकीतच बुडतो. तरीही त्या एका पीकमध्ये दोन वक्र बसवून "७० टक्के तांबे +१" लिहिलेलं छापून येतं. वेगळं करायचं असेल तर ऑजे एलएमएम बघा: गतिज ऊर्जेत धातू ९१८.६, क्युप्रस ९१६.८ च्या आसपास. जवळजवळ १.८ चा फरक आणि आकारही वेगळा. क्युप्रिक मात्र टू-पीमध्येच ओळखू येतो, कारण ९४० ते ९४५ मध्ये सॅटेलाइट उठतात. ऑपरेटरला ऑजे स्कॅन मागितला नाही तर बहुतेक ठिकाणी तो देत नाहीत, तेव्हा फॉर्म भरतानाच लिहा.

आणि वेळ लागला तर क्युप्रिक आणि हायड्रॉक्साइड एक्स-रे खालीच रिड्यूस होऊन क्युप्रस होतात. आर्गॉनने स्पटर केलं तर नक्कीच. म्हणून तांब्याचा स्कॅन सर्वांत आधी घ्या आणि शेवटी तोच पुन्हा. पहिला आणि शेवटचा जुळला नाही तर टक्केवारी लिहायचीच नाही. डेप्थ प्रोफाइल करून "आतही क्युप्रस आहे" असं म्हणणाऱ्यांना हे आधी सांगायला हवं, कारण त्यांचा क्युप्रस स्पटरगननेच बनवलेला असू शकतो.

एक्सआरडीमध्ये (स्फटिकरचना दाखवणारं एक्स-रे विवर्तन) ऑक्साइडची रेषा नाही म्हणून ऑक्साइड नाही, हेही चालत नाही. काही नॅनोमीटरचा विस्कळीत थर साध्या एक्सआरडीला दिसतच नाही.

थर खरोखर सुटतो तेव्हा

एक वेगळी तक्रार याच नावाखाली येते आणि तिचा इलाज मात्र भट्टीतच आहे. द्रावणात काळे पापुद्रे तरंगतात, फॉइलवर उघडे पट्टे दिसतात. तांब्याचं क्युप्रस होताना आकारमान सुमारे १.७ पट होतं. थर जाड झाला की आतला ताण वाढतो, भट्टीतून झटकन बाहेर काढला की थंड होताना तडे जातात, आणि वरचा काळा क्युप्रिकचा पापुद्रा आधी निघतो. भट्टीत सावकाश थंड होऊ द्या. फॉइल वाकवू नका, कात्रीने कापायचं ते आधीच कापा. फॉइलवर तेलाचा हात लागलेला असेल तर थर तिथूनच सुटतो, म्हणून इलेक्ट्रोपॉलिशनंतर चिमट्यानेच धरा. जाडी कमी करून बघायलाही हरकत नाही, पण फार पातळ केलं तर साध्या तांब्यासारखंच वागणारं तांबं मिळतं, हे काननांच्या मूळ कामातही दिसतं.

कारण ऑक्साइड तिथे टिकण्यासाठी नसतोच. तो गेल्यावर जे मागे राहतं, म्हणजे खडबडीतपणा, दाण्यांच्या सीमा, बारीक भोकं, त्याच्यासाठी तो चढवायचा. म्हणून "स्थिरता" मोजायची तर या मागे राहिलेल्या रचनेची मोजा. रनच्या सुरुवातीला आणि शेवटी, तोच सेल, तेच द्रावण, डबल लेयर कपॅसिटन्स (प्रत्यक्ष पृष्ठभागाच्या प्रमाणात बदलणारी) काढा. ती उतरली तर दाणे वाढले आणि पृष्ठभाग सपाट होत चालला. रन सुरू होतानाही काळजी घ्या. सुरुवातीच्या क्षणी तांबं थोडं विरघळून पुन्हा बसतं हे स्वित्झर्लंडच्या ईपीएफएलमध्ये नॅनोकणांवर दिसलं आहे. म्हणून इलेक्ट्रोड द्रावणात बुडवून मग आरामात सॉफ्टवेअर सेट करत बसू नका. पोटेन्शियल लावूनच आत सोडा.

इथिलीन उतरतं आणि हायड्रोजन चढतो

ही तक्रार थराच्या माथी मारली जाते, पण थर तर आधीच गेलेला. मग दोषी बहुधा द्रावणातली घाण. योशिओ होरी यांनी चिबा विद्यापीठात तांब्यावरच्या या सगळ्या रसायनाचा पाया घातला, आणि २००५ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवलं की द्रावणातलं सूक्ष्म लोह आणि जस्त तांब्यावर बसून त्याला निकामी करतं. तुमचं बायकार्बोनेट साध्या ग्रेडचं असेल तर चेलेक्स रेझिनवरून (ते धातूचे आयन धरून ठेवतं) काढा किंवा आधी टाकाऊ इलेक्ट्रोडवर प्री-इलेक्ट्रॉलिसिस करून घ्या. काउंटर इलेक्ट्रोड (अॅनोड) प्लॅटिनमचा असेल तर तोही विरघळून कॅथोडवर येतो. इथे एक सापळा आहे: प्लॅटिनमचा फोर-एफ पीक आणि तांब्याचा थ्री-पी एकमेकांवर बसतात, त्यामुळे एक्सपीएसच्या सर्व्हेमध्ये प्लॅटिनम लपून जातं. ७१ च्या जवळचा खांदा नीट बघा, किंवा द्रावण आयसीपीला (द्रावणातले सूक्ष्म धातू मोजायचं तंत्र) द्या. मी असतो तर आधी काउंटर बदलून एक रन घेतला असता. तो फुकटचा आहे.

गॅस डिफ्यूजन इलेक्ट्रोड (मागून वायू पोचवणारा सच्छिद्र इलेक्ट्रोड) वापरत असाल तर पूर आलाय का, म्हणजे भोकांत द्रावण शिरलंय का, तेही बघा. मागच्या बाजूला ओल आणि पांढरे क्षार दिसले की ऑक्साइडचा विचार सोडून द्या.

ऑक्साइड हवाच असेल तर

तो रन चालू असताना पुन्हा पुन्हा बनवावा लागतो. पल्स पद्धतीत थोडा वेळ अॅनोडिक, मग कॅथोडिक, असं फिरवतात आणि २०२० मध्ये रोल्डान कुएन्या यांच्या गटाने याच मार्गाने तांब्याचा +१ अंश आणि पृष्ठभागाची रचना या दोहोंचा परिणाम वेगळा करायचा प्रयत्न केला. इथेही चार्ज मोजा. अॅनोडिक पल्सचे १ मिलिकूलंब म्हणजे जास्तीत जास्त १.२ नॅनोमीटर, तेही तांबं विरघळलं नाही असं धरून. ते विरघळतं. म्हणून रनच्या आधी आणि नंतर द्रावणातलं तांबं आयसीपीने मोजल्याशिवाय पल्सचा कोणताही निष्कर्ष लिहू नये.

गॅस फेजचं काम करणाऱ्यांची गोष्ट निराळी, पण खोड तीच. कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिडेशनमध्ये ऑक्साइड टिकणं गॅसच्या प्रमाणावर ठरतं: ऑक्सिजन जास्त तर क्युप्रिककडे, मोनॉक्साइड जास्त तर धातूकडे. आणि मेथॅनॉलच्या तांबे-झिंक ऑक्साइड-अॅल्युमिना कॅटॅलिस्टला रिअॅक्टरमधून काढण्याआधी नायट्रोजनमध्ये किंचित ऑक्सिजन सोडून पॅसिव्हेट करतात, नाहीतर ती पावडर हवेत पेट घेते. नंतर त्या पावडरचं एक्सआरडी दाखवून "कामाच्या वेळी क्युप्रस होता" असं कोणी म्हणालं, तर पॅसिव्हेशन किती टक्के ऑक्सिजनने आणि किती वेळ केलं, एवढंच विचारा.